सांडव्यावरची पोती

उंबुराना गावात शहाणी माणसं किती, असं कुणी दोना ओलिंदिनाला विचारलं असतं तर तिनं एक बोट वर केलं असतं आणि ते स्वतःकडे वळवलं असतं. पूर्वी दोन होती. दुसरा तिचा नवरा बेलार्मिनो, तो अकरा वर्षांपूर्वी गेला. उरलेलं गाव म्हणजे दोन पायांवर चालणारी गाढवं, आणि हे मत तिनं कधी कुणापासून लपवून ठेवलं नाही. दुकानात, चर्चच्या पायरीवर, कुणाच्या मयतीला गेली तर तिथंही ती ते मोकळ्या मनानं सांगायची. अडुसष्टाव्या वर्षी माणसानं खोटं कशाला बोलायचं, असं तिचं म्हणणं होतं. गाव तरीही तिला मानानं दोना, म्हणजे बाईसाहेब, म्हणायचं.

त्या गुरुवारी सकाळी ती ओसरीवर कॉफीचा पेला घेऊन बसली होती आणि तलावाच्या पाळीवर चाललेला तमाशा बघत होती. तिचा धर्मपुत्र जेनेझियो शिडीवर चढून दोन खांबांना कापडी फलक बांधत होता. बाप्तिस्म्याच्या वेळी याला तिनंच हातावर धरलं होतं, तेव्हा तो नुसता रडका होता. आता तो तालुक्याच्या पालिकेत मेंबर झाला होता. फलकावर आमदारसाहेबांचं नाव हातभर अक्षरांत होतं आणि जेनेझियोचं वीतभर. ज्यानं ही पाळ बांधली त्याचं नाव कुठंच नव्हतं. फलक तीनदा वाकडा बांधला गेला आणि तीनदा सोडला. खाली उभी असलेली चार माणसं चार दिशांना हात करून सूचना देत होती.

"उंटावरचे शहाणे," ओलिंदिना कोंबड्यांना म्हणाली.

पाळ मातीची होती. अठ्ठावन्न सालच्या दुष्काळात, नदीच्या वाळूत खड्डे खणून लोक प्यायचं पाणी काढत होते तेव्हा, बेलार्मिनोनं नऊ माणसं आणि चार बैल घेऊन ती उभी केली. गाड्या नव्हत्या, फावडी तीन. बैलाचं वाळवलेलं कातडं जमिनीवर पसरायचं, त्यावर माती भरायची आणि दुसऱ्या बैलाकडून ते ओढत न्यायचं. मातीचा थर टाकला की त्यावरून गावातली सगळी शेरडं आणि गाढवं हाकायची, म्हणजे ती दाबली जायची. असं चौदा महिने. पाळ अडीचशे पावलं लांब, तीन पुरुष उंच, आणि टोकाला खडक फोडून काढलेला सांडवा. जास्तीचं पाणी पाळीवरून न जाता तिथून निघून जावं म्हणून. पाळीखाली जेवढं काही हिरवं होतं, शेंगा, मका, भाताचा तुकडा आणि ओढ्याकाठच्या सात घरांची परसं, ते सगळं या पाण्यावर. तलावाला लोक कातड्याचा तलाव म्हणत. त्यातलं शेवटचं कातडं ओलिंदिनाच्या बैठकीत येशूच्या तसबिरीशेजारी टांगलेलं होतं आणि आल्यागेल्याला ते बघावंच लागे.

पाच वर्षं पाऊस नव्हता. तळ भेगाळला, मासे चिखलात मेले, निम्मं गाव शहरात मजुरीला गेलं. दोन वर्षांपूर्वी ढग परतले आणि यंदा जानेवारीपासून पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता. आता पाणी सांडव्याच्या दगडी उंबरठ्यापासून जेमतेम वीतभर खाली होतं. ते उंबरठ्यावरून पलीकडे पडू लागलं की सांडवा सुटला म्हणायचं. सांडवा सुटणं म्हणजे त्या मुलखात लग्नाहून मोठं. आकाशबाण सुटतात, ढोल आणि बासऱ्या येतात, पोरीबाळी अंगावरच्या कपड्यांनिशी त्या धारेखाली उभ्या राहतात आणि गावातली सर्वांत वडील बाई पहिली घागर भरते. पलीकडच्या सेरोते गावाचा सांडवा मंगळवारीच सुटला होता. ते ऐकू यावं म्हणून त्या लोकांनी दुपारभर बाण उडवले होते.

फलक एकदाचा बांधून झाल्यावर जेनेझियो ओसरीवर आला, टोपी काढून हातात घेतली आणि आशीर्वाद मागितला.

"देव तुला अक्कल देवो," ओलिंदिना म्हणाली. ती नेहमी हेच म्हणायची.

तो हसला. रविवारी साडेदहाला आमदारसाहेब येणार आहेत, त्यांच्यासमोर सांडवा सुटेल, पहिली घागर माद्रिन्यानं भरावी, अशी गावाची इच्छा आहे, असं त्यानं सांगितलं. धर्ममातेला तो माद्रिन्या म्हणायचा, आणि काही मागायचं असलं की जरा लांबवून म्हणायचा.

"सांडवा उद्या सकाळी सुटेल," ओलिंदिना म्हणाली. "फार तर दुपारी. पाण्याला तुझ्या आमदाराची चिठ्ठी आलेली नाही."

"ते आम्ही बघतो, माद्रिन्या."

काय बघतो, हे तिनं विचारलं नाही. ज्याला फलक सरळ बांधता येत नाही तो पाण्याचं काय बघणार, एवढंच तिच्या मनात आलं.

जेनेझियो गेल्यावर पाळीवरून आब्दियास येताना दिसला, खांद्यावर कुदळ आणि हातात लाकडी धुम्मस. हा माणूस रोज सकाळी पाळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालायचा. तातू नावाचं कवचाचं जनावर पाळीत बिळं खणतं. ती बिळं शोधायची, त्यांत चिकणमाती कोंबायची, धुम्मसानं चोपायची. मुंग्यांची वारुळं उकरायची. झुडूप उगवलं की उपटायचं. हे काम त्याला बेलार्मिनोनं दिलं होतं. त्याबद्दल पाणी ओसरेल तशी उघडी पडणारी तळातली एक पट्टी त्याच्याकडे रताळी लावायला असे. तो कधीकधी पाळीवर आडवा होऊन जमिनीला कान लावायचा. ते बघून ओलिंदिनानंच त्याला तातू असं नाव ठेवलं होतं. आता त्याची बायको सोडून सगळं गाव त्याला त्याच नावानं हाक मारत होतं.

पाळीवर एकच झाड होतं, आणि ते ओलिंदिनाचं होतं. बेलार्मिनो पाळीवर बसल्या बसल्या गेला, भर दुपारी, पाण्याकडे तोंड करून. त्या जागी तिनं काजूचं रोप लावलं. आब्दियासनं पहिल्याच वर्षी हात जोडून सांगितलं होतं की दोना, पाळीवर झाड नको, मुळं मातीत वाट करतात. तिनं त्याला हाकलून दिलं. चार वर्षांनी तो परत आला, परत गेला. गेल्या साली तिसऱ्यांदा आला, तेव्हा दुष्काळानं झाड निम्मं वाळलं होतं. मेलेली मुळं आतून कुजून पोकळ झाली असतील, असं त्याचं म्हणणं होतं. ती सांडव्याच्या उंबरठ्याहून वर आहेत तोवर काळजी नाही, पण पाणी तिथवर चढलं तर त्यातून आरपार वाट मिळेल.

"पाणी सांडव्याच्या वर कसं चढेल रे?" ओलिंदिना म्हणाली होती. "मग सांडवा कशाला असतो? सही करता येत नाही आणि मला धरण शिकवतोस?"

आब्दियासनं टोपी घातली होती आणि तो निघून गेला होता. ही गोष्ट तिनं नंतर दुकानात रंगवून सांगितली आणि लोक पोट धरधरून हसले.

शुक्रवारी ती पहाटेपासून कान देऊन बसली. सांडवा सुटला की त्याचा आवाज तिच्या घरापर्यंत येतो. रात्री पाऊस झाला होता, ओढा दुथडी भरून तलावात येत होता, म्हणजे एव्हाना पाणी पडायलाच हवं होतं. नऊ वाजले तरी आवाज नाही. तिनं काठी घेतली आणि निघाली.

सांडव्यावर सोळा माणसं होती आणि चाळीसेक पोती. साखरेची, खताची, पिठाची, जी हाताला लागली ती पोती वाळूनं भरून त्यांनी उंबरठ्यावर एकावर एक तीन थर रचले होते आणि फटींत प्लास्टिक कोंबलं होतं. पाणी उंबरठा ओलांडून पहिल्या थराच्या निम्म्यावर आलं होतं आणि तिथं अडून राहिलं होतं. मधल्या पोत्याला दोरी बांधलेली होती, आणि दोरीला लाल रेशमी फीत.

जेनेझियोनं मोठ्या अभिमानानं सगळं समजावून सांगितलं. रविवारपर्यंत पाणी थोपवून धरायचं. साहेब आले की ते दोरी ओढणार, मधलं पोतं निघणार आणि पाणी थेट त्यांच्या पायाशी. सेरोतेवाल्यांचा सांडवा सुटला तेव्हा कोण आलं होतं? कुत्रंसुद्धा नाही. इथं आमदार येणार, फोटो निघणार, आणि फोटो निघाला की वरचा रस्ता डांबरी होणार.

ओलिंदिनानं आधी पोत्यांकडे बघितलं, मग त्याच्याकडे.

"जेनेझियो, तुला मी बाप्तिस्म्याला धरलं तेव्हा हातातून निसटून तू जरा डोक्यावर आपटला होतास. मी तुझ्या आईला कधी बोलले नाही. आज वाटतं, सांगायला हवं होतं."

सोळातले तीन-चार जण हसले, आणि जेनेझियो ते कोण हे बघून ठेवू लागला. मग ती त्या सोळांकडे वळली आणि एकेकाला धरून बोलली. कुणाच्या बापानं विहीर खणली ती गावाबाहेर खडकावर. कुणी पाच वर्षं दुष्काळाला शिव्या दिल्या आणि आता पावसाला पोतं लावायला आलाय. ज्याला स्वतःच्या घराचं छप्पर थोपवता येत नाही तो नदी थोपवणार. माणसं खाली बघू लागली. जेनेझियोचे कान लाल झाले. तो एकटा असता आणि तिनं त्याला बाजूला घेऊन दोन शब्द समजावले असते, तर त्यानं पोती काढलीही असती. माणूस वाईट नव्हता, नुसता पोकळ होता. पण सोळा माणसांसमोर नाक कापून घेतल्यावर कुठला मेंबर पोती काढतो?

"राहू द्या पोती," तो म्हणाला. "रविवारपर्यंत एकालाही हात लागता कामा नये."

गर्दीच्या मागून आब्दियास पुढे आला. त्यानं टोपी काढली.

"दोना, ते पाणी आता तुमच्या झाडाच्या—"

"तातू, तू तुझ्या बिळात जा. इथं आधीच सोळा आहेत."

आता मात्र सगळेच हसले. आपल्यावरची वेळ दुसऱ्यावर गेली की माणसं हसतात. आब्दियासही कसनुसा हसला, टोपी घातली आणि पाळीवरून निघून गेला. ओलिंदिना घरी आली, मक्याचा सांजा आणि खारवलेलं बोकडाचं मांस जेवली. आपण काय बोललो ते तिनं मनातल्या मनात पुन्हा एकदा घोळवलं. चांगलं बोललो, असं तिला वाटलं. बेलार्मिनो असता तर हसला असता. बेलार्मिनोनं आधी पोती काढली असती आणि मग हसला असता, हे तिच्या ध्यानात आलं नाही.

शनिवारी दिवसभर पाऊस पडला.

रविवारी आभाळ लख्ख होतं. चर्चमधली मिस्सा आटोपून सगळं गाव पाळीवर आलं, नवे कपडे घालून, सेरोतेचेही बरेच लोक आले, तोंडं वाकडी करून. ढोलवाले आणि बासरीवाले सावलीत उभे राहून वाजवत होते. पाणी दुसऱ्या थराच्या वर गेलं होतं. पाळीचा माथा आणि पाणी यांत दोन-अडीच वितींचं अंतर होतं, आणि लहान पोरं वाकून पाण्यात हात घालत होती. सांडव्याखालच्या कोरड्या खडकावर चर्चमध्ये गाणाऱ्या पंधरा-वीस मुली पांढऱ्या झग्यांत रांगेनं बसवल्या होत्या. पाणी आलं की त्या गाणार होत्या. ही कल्पनाही जेनेझियोचीच.

ओलिंदिनाला मान म्हणून खुर्ची दिली होती आणि पायाशी नवी मातीची घागर ठेवली होती. ती बसली होती. घागर भरायला यायचं नाही असं तिनं ठरवलं होतं, पण मग या मूर्खपणाला साक्षीदार कोण राहणार, म्हणून ती आली. दहा वाजले. साडेदहा वाजले. आमदारसाहेब यायचे होते.

तेवढ्यात आब्दियास तिच्या खुर्चीशी आला. पाय गुडघ्यापर्यंत चिखलानं भरले होते.

"दोना, झाडाखाली पाळीच्या बाहेरच्या अंगाला पाणी निघतंय."

"पाझर असेल. पाझर असतोच."

"गढूळ आहे."

ओलिंदिना उठली. बेलार्मिनोनं तिला लग्नानंतर जे काही शिकवलं त्यातलं हे एक होतं. पाळीतून नितळ पाणी पाझरलं तर बघत राहायचं. गढूळ आलं तर पाळ आतून वाहून चालली आहे असं समजायचं, आणि मग वेळ तासांत मोजायचा नाही.

ती काजूच्या झाडापाशी गेली, बाहेरच्या उतारावर काठी रोवत खाली उतरली आणि बघितलं. मनगटाएवढ्या भोकातून चहाच्या रंगाचं पाणी बाहेर पडत होतं आणि भोकाच्या कडेची माती तिच्या डोळ्यांदेखत गळून जात होती. भोकाच्या आत कुजलेल्या मुळाची साल नळीसारखी दिसत होती. खाली ओढ्याकाठची सात घरं होती, आणि त्यापलीकडे खडकावर पांढऱ्या झग्यांची रांग.

"काय करायचं?" तिनं विचारलं. आब्दियासला तिनं काही विचारण्याची ही पहिलीच वेळ होती.

"आधी पोती काढायची. पाणी उतरायला हवं. मग आतून भोक दाबायचं. पोतं नको, पोतं आत ओढलं जाऊन फाटेल. एखादं कातडं असतं तर बरं."

"मुलींना तिथून हलव. आणि माझ्या घरातून भिंतीवरचं काढून आण."

आब्दियास क्षणभर थांबला. मग पळाला.

जेनेझियोला तिनं गर्दीतून शोधून काढलं. तो घड्याळ बघत होता. पाळ फुटायला लागली आहे, पोती आत्ताच्या आत्ता काढ, असं तिनं सांगितलं. त्यानं ते ऐकून घेतलं आणि हसला.

"माद्रिन्या, शुक्रवारी मी डोक्यावर पडलेला होतो. आज पाळ फुटायला लागली. साहेबांची जीप पुलाशी आलीये, पाव तास थांबा."

ती त्याला ओलांडून सांडव्याकडे गेली, घोट्याएवढ्या चिखलात उभी राहिली आणि टोकाचं एक पोतं दोन्ही हातांनी ओढू लागली. ओली वाळू हलेना. तिचं नख उलटलं. मागे कुणीतरी हसलं आणि मग कितीतरी जण हसले. ढोलवाल्यानं गमतीनं एक थाप दिली. ओलिंदिना मागे वळली. तिनं एकेक चेहरा बघितला. छप्पर गळणारा, खडकावर विहीर खणणाऱ्याचा मुलगा, दोनदा बायको पळून गेलेला, तोतरा. एकही चेहरा असा नव्हता ज्याला तिनं कधी चारचौघांत सोललं नव्हतं. यांनी माझं का ऐकावं, हा प्रश्न तिच्या मनात आयुष्यात पहिल्यांदा आला, आणि त्याचं उत्तरही लगेच आलं.

"झाड माझं आहे," ती म्हणाली. आवाज हवा तेवढा मोठा निघाला नाही, म्हणून तिनं पुन्हा म्हटलं. "पाळ माझ्या झाडाखाली फुटतेय. आब्दियासनं मला तीनदा सांगितलं होतं की झाड तोडा. मी त्याला हसले. दुकानात येऊन तुम्हालाही हसवलं. त्याचं बरोबर होतं. गाढव मी होते. आता ओढा ही पोती, तुमच्या पाया पडते."

कुणी हसलं नाही. ढोलवाल्यानं ढोल गळ्यातून काढून जमिनीवर ठेवला आणि चिखलात उतरला. त्याच्यामागून छप्पर गळणारा उतरला, मग विहीरवाल्याचा मुलगा, मग सगळेच. सेरोतेवाल्यांतलेही काही आले. खडकावरच्या मुली काठावर पोचल्या होत्या. लाल फीत पायाखाली गेली. पहिलं पोतं निघालं, दुसरं, आणि मग पाण्यानं उरलेली आपणच सारली आणि सांडवा असा गर्जला की पाळीवरच्या म्हाताऱ्यांनी सवयीनं छातीवर क्रूस काढला. जेनेझियो एकटा वर उभा होता. थोड्या वेळानं त्यानंही बूट काढले.

आब्दियास कातडं घेऊन परत आला होता. सत्तावीस वर्षं भिंतीवर वाळलेलं ते कातडं त्यानं तलावाच्या काठावर पाण्यात दाबून धरलं, जरा नरम झाल्यावर चिकणमातीनं माखलं आणि काजूच्या झाडाखाली आतल्या बाजूनं पाण्यात उतरला. चाचपडत चाचपडत त्याला भोक सापडलं. कातडं जवळ नेताच पाण्यानं ते त्याच्या हातातून खेचून घेतलं आणि भोकावर चिकटवलं. बाहेरच्या उतारावर उभ्या असलेल्या माणसानं हाक दिली की धार बारीक झाली. मग सांडव्यावरून काढलेली पोती हातोहात पाळीवर आली आणि त्या कातड्यावर रचली गेली. अर्ध्या तासानं बाहेर नुसती ओल राहिली.

आमदारसाहेबांची जीप त्यानंतर आली. सांडवा पूर्ण ताकदीनं वाहत होता आणि चिखलानं माखलेलं सगळं गाव त्याभोवती उभं होतं. गावाला इतका आनंद झालेला पाहून साहेबांना गहिवरून आलं. त्यांनी विजार दुमडून पाण्यात पाय घातले, फोटो काढून घेतला आणि जेनेझियोसारख्या कर्तबगार तरुणांमुळेच असे तलाव उभे राहतात असं भाषण केलं. तलाव उभा राहिला तेव्हा जेनेझियो जन्मायचा होता, पण तसं कुणी बोललं नाही. झाडाखाली पाण्यातून वर आलेलं कातड्याचं टोक त्यांना दिसलं आणि हे काय, असं त्यांनी विचारलं.

"जुनी प्रथा आहे साहेब आमच्याकडे," जेनेझियो म्हणाला.

साहेबांनी मान डोलावली आणि प्रथा जपल्या पाहिजेत असं सांगितलं. ओलिंदिना चार हातांवर उभी होती. एरवी असा घास तिनं सोडला नसता. त्या दिवशी तिनं खाली वाकून घागर उचलली, भरली आणि घरी गेली.

सोमवारी सकाळी आब्दियास काजूच्या झाडापाशी आला तेव्हा ती आधीच तिथं होती. दोन माणसांनी ओढायची मोठी करवत तिनं सोबत आणली होती. तिनं त्याला सेउ आब्दियास म्हणून हाक मारली. गावात पोक्त पुरुषाला असंच बोलावतात, पण तिच्या तोंडून ते इतकं नवं होतं की तो मागे कोण आहे हे बघायला वळला.

"तोडून टाकू," ती म्हणाली.

"तोडू. मुळं पाणी ओसरल्यावर खणू आणि तिथं नवी माती चोपू."

तो कुदळीनं बुंध्याभोवतालचं गवत काढू लागला. ती बघत उभी राहिली. मग तिनं, तिला जमेल तशा शब्दांत, शुक्रवारी मी तुला बोलू दिलं नाही, ते चुकलं, असं म्हटलं.

आब्दियास काम करत राहिला.

"शुक्रवारी मी सांगायला आलो होतो ते खरंय," तो म्हणाला. "पण झाडाखालचा पाझर मला शनिवारी दुपारीच दिसला, दोना. तेव्हा मी नाही आलो."

"पाऊस होता."

"पावसाचं काय! मुद्दाम नाही आलो. कुणालाच बोललो नाही. म्हटलं फुटू दे पाळ एकदाची, तुमच्याच झाडाखाली, तुमच्या डोळ्यांसमोर. मग बघू दुकानात कोण कुणाला हसतं."

ओलिंदिनानं पाळीखालच्या सात घरांकडे बघितलं. एका परसात एक बाई वाळत घालायला झगे पिळत होती.

"खाली माणसं होती," ती म्हणाली.

"होती. काल सकाळी त्या पोरींना आणून बसवलं, तेव्हा मला ती दिसली." त्यानं कुदळ खाली ठेवली. "अकरा वर्षं मी या पाळीवर चालतोय आणि मनात म्हणतोय, आब्दियास, त्या बाईपेक्षा तू बरा. तू कुणाचं वाईट बघत नाहीस. शनिवारी कळलं, किती बरा आहे ते."

बोलण्यासारखं खूप होतं आणि सगळं तिला येत होतं. या माणसानं अकरा वर्षं रोज तिच्या दारावरून जाताना टोपी काढली होती आणि रोज मनात तिची कीव केली होती, आणि तिला ते एकदाही दिसलं नव्हतं. शहाणी माणसं मोजायचं तिचं ते बोट तिनं मुठीत आवळलं.

त्यानं करवतीची एक मूठ धरली. तिनं दुसरी धरली. ते ओढू लागले. लाकूड वरून टणक होतं आणि आत भुसा. चार-सहा वेळा करवत पुढेमागे झाल्यावर आब्दियास थांबला.

"सरळ ओढा, दोना. वाकडी जातेय."

बेलार्मिनो गेल्यापासून तिला असं कुणी सांगितलं नव्हतं. तिनं वाकून खाच बघितली. वाकडीच जात होती, आणि तिच्याच बाजूनं. तिनं पाय बदलले, मूठ नीट धरली आणि ओढली.